हाताला लागणारी प्रश्नपत्रिका

तिसरा प्रश्न अंगठ्यावर उतरला, तेव्हा उपप्राचार्या बाईंना आधी वाटलं, आपलाच अंगठा मळका असेल. त्यांनी तो रुमालाला पुसला, गठ्ठ्यातली दुसरी प्रत घेतली आणि पुन्हा घासून पाहिलं. या वेळी तिसऱ्याच्या सोबतीला चौथ्याची पहिली ओळही आली. कागदावर जिथे 'सकारण स्पष्ट करा' होतं, तिथे नुसता काळपट धूर उरला.

"तात्या, इकडे या. आणि शिंकू नका."

तात्या म्हणजे कॉलेजचे हेडक्लार्क. कागदाच्या धुळीने त्यांना शिंका येत आणि नोकरी सगळी कागदातच गेलेली, त्यामुळे अर्धं आयुष्य त्यांनी नाक धरून काढलं होतं. आताही ते नाक धरूनच वाकले.

"छपाई तर झकास दिसतेय की, मॅडम."

"हात लावा."

तात्यांनी बोट फिरवलं. मग गठ्ठ्याच्या मधली प्रत ओढून तिच्यावर फिरवलं, मग अगदी तळातल्या प्रतीवर. प्रत्येक वेळी बोट काळं आणि कागद मोकळा.

"दिसायला देखणं, हात लावला की खलास," ते म्हणाले. "आमचा जावई अस्सा निघाला."

बाई हसल्या नाहीत. खोली शिवणवर्गाची होती. खिडक्यांना गज होते म्हणून छपाईसाठी तीच निवडली गेली होती. भिंतीलगत शिलाई मशीनं, कोपऱ्यात मापं घ्यायचा बिनडोक्याचा पुतळा, आणि मधोमध कॉपी मशीन. नियम असा होता की प्रश्नपत्रिका एकदा आत गेली, की परीक्षेची घंटा होईपर्यंत आतला माणूस, आतला कागद, आतली बातमी यांपैकी काहीही बाहेर जायचं नाही. फोन आत आणायचे नाहीत. कोरा कागदसुद्धा मोजूनच आत यायचा. दाराला बाहेरून कुलूप आणि आतून कडी. हा नियम प्राचार्यांनी स्वतः केला होता आणि त्याचं इतकं कौतुक झालं होतं, की तो लॅमिनेट करून दाराच्या दोन्ही बाजूंना चिकटवला होता.

कौतुकाला कारण होतं. गेल्या खेपेला पेपर बाहेरच्या छापखान्यातून फुटला आणि परीक्षा पुढे ढकलावी लागली. कॉलेज संध्याकाळचं. विद्यार्थी म्हणजे बसचे चालक, कापडाच्या दुकानातल्या मुली, दोन-दोन पोरांच्या आया. सगळे वरिष्ठांच्या हातापाया पडून रजा काढून आलेले. त्यांना दुसऱ्यांदा रजा कोण देणार? अर्ध्यांचं वर्ष तिथेच बुडालं. नंतरच्या सभेत सगळे प्राध्यापक पंख्याकडे बघत बसले असताना बाई उठल्या आणि म्हणाल्या, "छपाई घरच्या घरी करू. जबाबदारी माझी." तसं त्यांनी लिहूनही दिलं. घरी सासूबाईंना कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "सही करायला तुझा हात फार सैल."

प्राचार्य याच महिन्यात निवृत्त होत होते. आज परीक्षा वेळेवर सुरू झाली, तर त्यांची खुर्ची बाईंची. नाही झाली, तर जबाबदारी बाईंची. हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं, म्हणजेच ते सगळ्यांना पाठ होतं.

बाहेर व्हरांड्यात पावलं वाजू लागली होती. घंटेला तासाभराच्या वर जेमतेम वेळ होता.

"मॅडम, असं करू," तात्या म्हणाले. "वर एक ओळ टाकू. 'प्रश्नपत्रिकेस कोणीही स्पर्श करू नये.'"

"आणि ती ओळच पुसली गेली तर?"

बाई दाराशी गेल्या. पलीकडे प्राचार्य खुर्ची टाकून राखणीला बसले होते.

"सर!"

"बोला, मॅडम. फक्त पेपरातलं काही बोलू नका."

"छपाई हाताला लागतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे पुसली जातेय. सगळीच्या सगळी."

दारापलीकडे खुर्ची करकरली. "तुम्ही जबाबदारी घेतली होती ना?"

"घेतलेली आहे. मेकॅनिकला बोलवा."

"बाहेरचा माणूस आत? नियम काय सांगतो?"

"मग निदान फोन लावा त्याला."

प्राचार्यांनी फोन लावला. मेकॅनिक दारापलीकडून ऐकू येत नव्हता. ऐकू येत होते ते प्राचार्य, तेही फोनवरच्या भारदस्त आवाजात. "हो… हो… कागद ना? कागद उत्तम आहे. …अहो, उत्तम म्हणजे उत्तम! …बरं." मग दाराकडे तोंड करून, "तो म्हणतो, आतला हीटर कमी पडत असेल. उद्या येतो."

"उद्या?"

"दुपारनंतर."

"सर, कागद जाड आहे का, असं विचारत होता का तो?"

"उत्तम आहे म्हटल्यावर त्यात सगळं आलं."

सगळं आलं होतं खरं. कागद प्राचार्यांच्या साडूच्या दुकानातून आला होता. गुळगुळीत, चकचकीत, हातात धरला तर कोणाच्या तरी लग्नाला जावंसं वाटावं असा. त्याविषयी कोणी काही विचारलं नव्हतं, कारण बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याचा कागद जाड आहे, असं साहेबांना सांगणार कोण?

"फोन दाराला लावा, सर. मीच बोलते त्याच्याशी."

"आतल्या माणसाने फोनवर बोलायचं नाही. नियम तुमच्याही बाजूला लावलाय. वाचा."

बाईंनी वाचला. तसंच लिहिलं होतं.

इकडे तात्यांनी शिवणवर्गाची इस्त्री शोधून काढली होती. "हीटर म्हणजे शेवटी उष्णताच ना, मॅडम? मग ही काय बर्फाची आहे?" बाई नको म्हणेपर्यंत त्यांनी ती तापवली आणि एका प्रतीवर टेकवली. कागद इस्त्रीला चिकटला. सोडवला, तर पाचवा प्रश्न इस्त्रीच्या तळाला गेलेला, आणि पुढच्या प्रतीवर टेकवल्यावर तिथे तो उलटा उमटलेला. तेवढ्यात मशीनने पुढची कॉपी घ्यायला घेतली, खट्‌ आवाज झाला आणि पंखा, दिवे, मशीन, इस्त्री सगळं एकदम थंड.

"एका वायरीवर दोन गरम डोकी चालत नाहीत," तात्या अंधारात म्हणाले. "आमच्या घरी आई होती तोवर रोज हेच."

त्यांनी चाचपडत बोर्डाचा खटका वर केला. मशीन जागं झालं. पडद्यावर अक्षरं आली: 'थांबा. गरम होत आहे.' बाहेर व्हरांड्यातला आवाज वाढत होता. कोणीतरी मोठ्याने व्याख्या पाठ करत होतं आणि दर वेळी त्याच शब्दाला अडखळत होतं.

बाईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तळव्यावर उलटी अक्षरं होती. त्या बराच वेळ ती वाचत राहिल्या. प्रश्न जवळ असला, की माणूस बाहेर जात नाही. फोन दाराच्या पलीकडे होता, पण तो कोणाच्या तरी हातात होता, आणि ज्याच्या हातात होता त्याला एका गोष्टीचा मोह होता.

"सर," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "जरा आत येऊन बघता का? तात्या म्हणताहेत, असा कागद त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नाही."

तात्यांनी तोंड उघडलं. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तात्यांनी नाक धरलं.

पलीकडे खुर्ची सरकली. मग किल्ल्यांचा आवाज.

प्राचार्य आत आले. मघाचा फोन बंद करायचं ते विसरले होते. त्यातून मेकॅनिकचा "हॅलो, हॅलो" असा क्षीण आवाज येत होता. बाईंनी त्यांच्यामागे कडी घातली आणि एक प्रत पुढे केली. "वजन बघा ना, सर."

प्राचार्यांनी फोन टेबलावर ठेवला. प्रत डाव्या हातावर घेऊन उजव्या तळव्याने, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा, मायेने हात फिरवला. "हाच तर फरक असतो. स्वस्त कागदाला हे—"

मग त्यांना आपला तळवा दिसला. चौथा प्रश्न, गुणांसकट, आयुष्यरेषेवर आडवा पडला होता.

"आता तुम्हाला बाहेर जाता येणार नाही, सर," बाई म्हणाल्या.

"काय?"

"प्रश्न तुमच्या हातावर आहे आणि घंटा अजून झालेली नाही. नियम तुमच्याही बाजूला लावलाय."

प्राचार्यांनी हात पँटला पुसला. प्रश्न पँटवरही गेला. "मी प्राचार्य आहे!"

"म्हणूनच."

"मनात आणलं तर मी आत्ता हे दार उघडून परीक्षा रद्द करू शकतो, कळलं?"

ते खरंच तसं करू शकत होते. पण बाईंनी आवाज वर्गातलाच ठेवला. "करा ना. कारण लिहावं लागेल. कागदापासून सुरुवात करू. कुठून आला, कोणी आणला, नातं काय."

तात्या पुतळ्याच्या मागे सरकले. प्राचार्य बाईंकडे बघत राहिले, आणि त्या नजरेत निवृत्ती, साडू, साडूची बायको आणि तिची बहीण अशी सगळी मंडळी एकामागून एक येऊन गेली. मग त्यांनी बोटाने फोन बाईंकडे सरकवला.

"हॅलो? काय, मेलं का कोणी तिकडे?" मेकॅनिक म्हणाला.

"कागद जाड आहे. लग्नपत्रिकेसारखा."

"मग साहेब मघापासून उत्तम-उत्तम काय करत होते? अहो, ती काळी पावडर प्लास्टिकची असते. दोन रोलरमधून जाताना ती वितळायला हवी आणि कागदात दाबली जायला हवी. जाड कागद सगळी ऊब आपणच पिऊन बसतो, पावडर आपली वर कोरडीच. मशीनने विचारलं असेल ना, कागद कोणता म्हणून? काय सांगितलंत?"

बाईंना आठवलं. पडद्यावर चौकट आली होती: साधा, जाड, लिफाफा, आणखी काय काय. घाईत होत्या. त्यांनी न वाचता 'ठीक' दाबलं होतं. प्रश्नपत्रिका छापणाऱ्या मशीनने एकच प्रश्न विचारला, आणि तोच त्यांनी ऑप्शनला टाकला होता.

"मी… वाचलं नाही," त्या म्हणाल्या. प्राचार्यांनी मान वर केली.

"तुम्ही कॉलेजवालेच ना?" मेकॅनिक म्हणाला. "असो. 'जाड' निवडा. मशीन हळू चालेल, चालू द्या. छापलेले कागद बाजूच्या ट्रेमधून थोडेथोडे परत घाला आणि काचेवर कोरा कागद ठेवून कॉपी काढा. वर नवीन काही उमटणार नाही, नुसते भाजून निघतील. अडकला तर हिसका मारू नका, आत चटका बसतो. आणि इस्त्री करत बसू नका हां, लोक काय वाट्टेल ते करतात."

तात्यांनी इस्त्री पुतळ्यामागे ढकलली.

मशीन खरोखरच हळू चाललं. कागद आत जाई, आतून वास येई, आणि बऱ्याच वेळाने तो कडेला वळून, आजारातून उठल्यासारखा बाहेर येई. पहिलाच आला तसा बाईंनी त्यावर अंगठा दाबून घासला. अंगठा स्वच्छ. तात्यांनी नखाने खरवडलं. तरीही स्वच्छ. बोलायला वेळ नव्हता. बाई कागद घालत होत्या, प्राचार्य गरम प्रती झेलत होते, तात्या पुसलेल्या प्रती वेगळ्या काढून नव्या किती लागतील ते मोजत होते.

दारावर थाप पडली. "सर आहेत का आत? मुलं वर्गात बसवलीत! पेपर?"

"येतायत!" प्राचार्य ओरडले. आतून आलेला साहेबांचा आवाज ऐकून बाहेरचा माणूस गप्प झाला.

गठ्ठा बोटभर उरला आणि मशीन थांबलं. लाल दिवा. कागद अडकला. प्राचार्यांनी झाकण उघडून थेट हात घातला.

"ओढू नका!"

"आई गं!"

बोट तोंडात घालून ते बाजूला झाले. बाई वाकल्या. आतली धग तोंडावर आली. हिरवी खिट्टी खाली करून त्यांनी चाक बोटाने तसूतसू फिरवलं. कागदाचं टोक दिसलं, मग अंग, मग चुरगळलेली शेपटी. झाकण बंद. 'थांबा. गरम होत आहे.' बाई थांबल्या. इतकं मन लावून त्या लग्नाच्या बोहल्यावरही थांबल्या नव्हत्या.

मशीन सुरू झालं. शेवटची प्रत बाहेर पडली आणि घंटा झाली.

बाईंनी गठ्ठा उचलला. प्राचार्य दारात आडवे उभे होते. "मॅडम, कागदाचं… बाहेर काही नको."

"कागदाचं मी नाही बोलणार. बटणाचं तुम्ही नका बोलू."

ते बाजूला झाले.

वर्गात प्रती वाटल्या गेल्या. कागदांची सळसळ झाली आणि हळूहळू थांबली. बाई फळ्याजवळ उभ्या राहिल्या. साठ-सत्तर अंगठे एकाच वेळी साठ-सत्तर कागदांवर टेकलेले होते, काही घामेजलेले, काही थुंकी लावून ओले केलेले. बाई एकेकाकडे बघत होत्या. कोणी डोकं वर करत नव्हतं.

मग शेवटच्या बाकावरून हात वर झाला. गणवेशातला बसचालक. बाई दोन बाकांमधून चालत गेल्या. वाट एरवीपेक्षा बरीच लांब वाटली.

"काय झालं?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. "काही दिसत नाहीये का?"

"दिसतंय ना सगळं, मॅडम," तो म्हणाला. "म्हटलं, पुरवणी आत्ताच मागून ठेवू का?"