शेठची दृष्ट

आमच्या बुवापाड्याच्या खोलीत पोपट आला आणि चारच दिवसांत मी त्याचं नाव शेठ ठेवलं. दिलेलं सगळं खायचं आणि देणाऱ्याचाच हात फोडायचा, मग दुसरं काय ठेवणार! नितीन, म्हणजे माझा नवरा, उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात शिलाई करतो. तिथल्या मालकांनी, हरेशभाईंनी, हा पिवळाधमक परदेशी पोपट हौसेने घेतला, त्याच्या चावण्याने हैराण झाले आणि नितीनच्या गळ्यात मारला. फुकट ते पौष्टिक, म्हणत नितीन पिंजरा रिक्षात घालून घरी हजर.

मी तोंड सोडणारच होते. पण माझ्या सासूबाईंनी, आईंनी, भिंतीकडचं तोंड वळवून पिंजऱ्याकडे बघितलं. लकव्याने त्यांचा उजवा हात गेला होता, टाचणी टोचली तरी कळत नव्हतं. तेव्हापासून त्या ना कोणाशी बोलत, ना कशाकडे बघत. म्हटलं, पोपट राहू दे, माझी बोटं राहोत न राहोत.

वाटी काढायला हात घातला की चोच, पाणी ठेवलं की चोच. शेजारच्या विठाकाकू म्हणाल्या, "एवढा देखणा पक्षी, नजर लागली असणार गं. दृष्ट काढ." मला लगेच पटलं. आमच्यात बाळ रडलं तरी दृष्ट काढतात आणि रिक्षा बंद पडली तरी. मग रोज संध्याकाळी मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत धरून मी पिंजऱ्याभोवती ओवाळायला लागले. "आल्यागेल्याची, पाप्याचांडाळाची..." मिरच्या तव्यावर पडल्या की अख्खी चाळ खोकायची आणि शेठ आणखीच पिसाळायचा. केवढी ही नजर, म्हणत मी दुसऱ्या दिवशी मिरच्या वाढवायचे.

शेवटी त्याने विठाकाकूंचंच बोट फोडलं. रक्त बघून नितीनचं डोकं फिरलं. "बस झालं. रविवारी परत सोडून येतो. हरेशभाई बोलले, पक्षीवाल्याला देऊन टाकतील."

पोपट गेला की आई पुन्हा भिंतीकडे वळणार होत्या.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं म्हणून मी नळावर गेले होते. पिंजरा आईंच्या खाटेला लागून होता. परत येऊन बघते तर त्यांचा तो लुळा उजवा हात घसरून गजांना टेकलेला, दोन बोटं आत! हंडा टाकून धावले आणि दारातच थांबले. शेठ त्या बोटांवर डोकं घासत होता. आई नुसत्या बघत होत्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमचा प्रत्येक हात त्याच्यावर चाल करून जात होता आणि माझी मूठ तर रोज घिरट्या घालत होती. त्याच्यामागे न लागणारा असा घरात हा एकच हात. नजर कसली नि काय, त्याला मीच लागले होते!

मिरच्या बंद केल्या. पेरूची फोड घेऊन हात पिंजऱ्याशी नुसता ठेवायचा, हलवायचा नाही, असं सुरू केलं. आधी तो चावला. मग चावण्याआधी विचार करायला लागला. शनिवारी त्याने फोड घेतली आणि बोट सोडलं.

रविवारी नितीन पिंजरा उचलायला आला.

"अहो, एकदा बघा तरी," म्हणत मी पिंजऱ्याचं दार उघडलं. शेठ बाहेर आला, सरळ आईंच्या उजव्या हातावर उतरला आणि त्याने अंगठा चोचीत धरला.

"चावला गं मेला!" आई ओरडल्या.

"बघ! आईला पण सोडलं नाही," नितीन उसळला.

मी खाटेशी वाकून विचारलं, "आई, कुठे चावला?"

आईंनी अंगठ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "इथं," त्या म्हणाल्या, "दुखलं की गं." आणि हसता हसता रडायला लागल्या.

नितीनने पिंजऱ्यावरचा हात काढला. मी आधी शेठपुढे हात जोडले, देवापुढे नंतर.