भट्टी गुरुवारीच उघडेल

सरकारी प्रयोगशाळेतल्या त्या शास्त्रज्ञ बाईंना सगळे ‘भट्टीवाली’ म्हणत, आणि त्यांनाही ते मनापासून आवडे. डोळ्यांच्या ऑपरेशनच्या लेझरमध्ये एक स्फटिक लागतो. तो आजवर परदेशातून यायचा, ते लोक सांगतील त्या भावाने. तो इथेच घडवायचा विडा बाईंनी उचलला होता. भट्टीत स्फटिक आठवडेच्या आठवडे वाढतो, मग अगदी सावकाश निवतो. निवताना घाई केलीत, की तडकलाच म्हणून समजा.

आणि नेमका तो निवत असताना तपासणी समिती येऊन टपकली. पुढच्या पाच वर्षांचे पैसे द्यायचे की खोलीला कुलूप लावायचं, हे आता तिच्या हातात. बाई मनातून धास्तावल्या होत्या, पण तसं दाखवतील तर त्या बाई कसल्या.

समितीचे अध्यक्ष पिकल्या केसांचे, तब्येतीने जाडजूड. भट्टीभोवती चक्कर मारून म्हणाले, “छान. उघडा आता.”

“गुरुवारी उघडेल,” बाई म्हणाल्या.

“आमचं विमान आज संध्याकाळचं आहे.”

“मग विमानाला थांबायला सांगून बघा. भट्टी तर माझंही ऐकत नाही.”

प्रयोगशाळेच्या संचालकसाहेबांना दरदरून घाम फुटला. बाईंना बाजूला घेऊन ते कुजबुजले, “अहो, जरासं झाकण किलकिलं करा ना, माझ्यासाठी.”

“साहेब, हे दुधाचं पातेलं नाही.”

एव्हाना अध्यक्ष भिंतीवरच्या फळीपाशी पोचले होते. तिथे फुटक्या स्फटिकांची रांग होती.

“हे सगळे तडकलेले,” बाईंनी सांगितलं. “हा भट्टी जास्त तापली म्हणून, हा मधेच वीज गेली म्हणून. प्रत्येकाने काही ना काही शिकवलं.”

“आणि हा? इतका सुरेख, आणि मधोमध दोन तुकडे?”

संचालक डोळ्यांनी नको नको म्हणत होते. पण बाईंच्या जिभेला हाड कुठलं?

“हा मागच्या समितीने उघडायला लावला. तडकलेला बघितला, आणि निम्मे पैसे कापून गेली.”

एका सदस्याला अचानक छत फार बघण्यासारखं वाटू लागलं.

“त्या समितीत मी होतो,” अध्यक्ष म्हणाले.

घ्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं.

“उघडा म्हणणाराही मीच,” अध्यक्ष तुकडा हातात फिरवत म्हणाले. “वर आणखी घरी जाऊन बायकोला सांगितलं, पैसा नुसता वाया चाललाय तिथे.” आणि ते स्वतःवरच खदखदून हसले. “बी पेरायचं आणि रोज उकरून बघायचं, असली माणसं आम्ही.”

त्यांनी तिथेच, उभ्या उभ्या, पुऱ्या पाच वर्षांच्या मंजुरीवर सही ठोकली.

“न बघताच?” एक सदस्य चाचरत म्हणाला.

“मागे बघून काय दिवे लावले, ते आहे की तुझ्यासमोर.”

गुरुवारी बाईंनी झाकण काढलं. आत जांभळट झाक असलेला, मनगटाएवढा जाड स्फटिक होता, वरपासून खालपर्यंत नितळ. बाई स्टुलावर बसल्या आणि पोटभर रडल्या. मग त्यांनी अध्यक्षांना फोन लावला, पण हुंदकेच आवरेनात.

“तडकला वाटतं,” पलीकडून अध्यक्ष म्हणाले. “रडू नका हो बाई. तडकला तर तडकला, पुढचा लावा. पैसे कुठे पळून जात नाहीत.”

ते ऐकून तर बाईंना आणखीच भरून आलं.

“नाही हो,” त्या कशाबशा म्हणाल्या, “अखंड आहे.”

पलीकडे अध्यक्षांनी जोरात नाक शिंकरलं आणि विचारलं, “पुढचा केव्हा लावताय?”