गणपतीतली तारीख

सोनू मयेकरांनी आपली खुर्ची टेबलाच्या पार टोकाला ओढून नेली आणि नाटकवाल्यांकडे अर्धी पाठ करून ते बसले. नगरपरिषदेने नाट्य सल्लागार समिती आणि लोककला सल्लागार समिती एकत्र करून टाकल्या होत्या. आजची ही पहिली एकत्र बैठक. ‘कला-संस्कृती समिती’ या नव्या नावात त्यांचा जाखडी नाच कुठे दिसतही नव्हता.

नाटकवाल्यांत हौसा होती, नाट्य समितीची इतक्या वर्षांची अध्यक्ष. दोघंही मूळची मिरकरवाड्यातली. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या, की सोनू आणि शाहीर बाबल्या जाळ्यांच्या शेडमध्ये दुपारच्या तालमी लावायचे. बाबल्याने पद उचललं, की सोनूंची मृदंगावर थाप पडे आणि एका पायात चाळ बांधलेली पोरं फेर धरत. ओल्या जाळ्यांचा वास, घामाचा वास, आणि त्या सगळ्यावर चढत जाणारा बाबल्याचा गळा. मुलींना आत यायची मुभा नव्हती. तरी हौसा परकर सावरत जाळ्यांच्या ढिगावर उभी राही, आणि तिला हाकलायचं काम सोनूंकडे असे. पुढे ती नाटकात गेली, तिचं नाव झालं. सोनूंनी तिचं एकही नाटक पाहिलं नाही.

नगरपरिषदेचा कारकून रूपेश विषय वाचू लागला.

“गणपतीतला रविवार. नाट्यगृहाची तारीख कोणाला?”

याच तारखेसाठी सोनू दर वर्षी भांडत आले होते. दोन समित्या वेगवेगळी मागणी करायच्या आणि तारीख नाटकाला जायची. मग आम्हांला उभं राहायलासुद्धा जागा देत नाहीत, असं सोनू गावभर सांगत फिरायचे. आजही ते घसा खाकरून उठले.

पण आधी हौसा बोलली.

“अख्खा दिवस जाखडीला द्या.”

कोणी हरकत घेतली नाही. रूपेशने लिहूनही घेतलं. सोनू मात्र उभेच. भांडण ओठांवर आलेलं, आणि भांडायला समोर माणूसच उरला नव्हता.

“तालमीला जागा नाय आमच्याकडं,” अखेर ते म्हणाले.

“आमचा हॉल आहे ना, सोनूदादा. आता तो तुमचाही झाला.”

ते खाली बसले. पुढचे विषय त्यांच्या कानांवरून गेले. बैठक संपली, माणसं चहाला पांगली. हौसा त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन टेकली.

“बाबल्यादादा गेल्यावर आता गातं कोण?”

सोनूंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ती उगाच नीट केली.

“कोण नाय गो. पोरं मुंबईला. गणपतीत येतात, आरत्या म्हणतात, निघून जातात. पदं कोणाला ठावकी नायत.”

हे त्यांनी आजवर घरातही बोलून दाखवलं नव्हतं. तारीख मिळत नव्हती तोवर तशी वेळच आली नव्हती.

हौसाला नवल वाटलेलं दिसलं नाही.

“माझ्याकडं नाटकातली मंडळी आहेत,” ती म्हणाली. “मुलीच जास्त. जाखडी कधी केलेली नाही कोणी. शिकवाल?”

“पोरी?”

“हो.”

“बाबल्या नाय म्हणाला असता.”

“माहीत आहे मला.”

खाली रस्त्यावरून मासळीचा टेम्पो हॉर्न वाजवत बंदराकडे गेला. सोनूंची बोटं टेबलाच्या कडेवर हळूच पडू लागली, थांबली, पुन्हा पडली.

“आवाज कसा हाय त्यांचा?” त्यांनी विचारलं.

“चांगला आहे. का?”

“नुसता चांगला नको,” सोनू म्हणाले. “मृदंगाच्या वर जायला हवा.”