गटप्रमुखाचा फोन नंबर

“नंबर दहाच आकड्यांचा घेते हे. मागं-पुढं काई टाकू नका,” पाळकसाहेब म्हणाले.

मेहकरच्या चर्चच्या ऑफिसात शांतवन साळवे संगणकापुढे बसले होते. मंडळीसाठी नवं सॉफ्टवेअर आलं होतं. प्रत्येक गटाचं नाव, गटप्रमुख, फोन, सभासद असे रकाने भरायचे होते, आणि जिल्हा परिषदेतून लिपिक म्हणून निवृत्त झालेल्या शांतवनरावांनी ते काम आपणहून मागून घेतलं होतं.

स्वतःचा शास्त्र अभ्यास गट त्यांनी आधी भरला. सभासद चार, त्यातले एक ते स्वतः. मग भगिनी मंडळ. गटप्रमुख पुष्पांजली साळवे, म्हणजे त्यांचीच बायको. तिच्या सभासदांची नावं भरता भरता चहा गार झाला. लग्नानंतर चारचौघांत प्रार्थना करायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. पहिल्यांदा तिचा आवाज फुटेना, तेव्हा पुढचं वाक्य त्यांनी कानात सांगितलं होतं. आता या एवढ्या बायका तिचं ऐकायला सुलतानपूर-दुसरबीडहून एसटीनं येत होत्या.

तिच्या फोनच्या रकान्यात त्यांनी आपला नंबर टाकला. ‘हा नंबर दुसऱ्या गटाला दिलेला आहे’, पडद्यावर लाल अक्षरं आली. शांतवनरावांनी दाराकडे पाहिलं. मग आपल्या गटापुढचा नंबर पुसून तिथं तिचा टाकला आणि भगिनी मंडळापुढं आपला. ती फोन कुठंही विसरते, त्यांनी मनाला सांगितलं.

रविवारी गटांची यादी आणि नंबर सगळ्या मंडळीला मेसेजनं गेले. जुन्या बायकांकडे तिचा नंबर होताच, पण नव्या जोडलेल्या बायकांचे फोन शांतवनरावांना येऊ लागले. “बाई कामात हाये. मले सांगा,” ते म्हणत. निरोप कधी देत, कधी देत नसत. शास्त्र अभ्यासाचं विचारायला तिच्या फोनवर मात्र कुणीच फोन केला नाही.

एका दुपारी दुसरबीडहून, मंडळात नव्यानं आलेल्या गीताबाईचा फोन आला. ते बोलायच्या आतच ती सुरू झाली.

“सलाम बाई. लेकीनं आज बी काई खाल्लं नाई. लेकरू गेल्यापासून भिंतीकडं तोंड करून पडली हाये. मांगं तुमी निसत्या जवळ बसल्या, तवा झोपली होती ती. आज येता का?”

“मी शांतवन बोलून राह्यलो.”

“बाई नाईत का?” तिनं विचारलं.

“मले सांगा ना,” ते म्हणाले. “मी प्रार्थना करतो. फोनवरच करतो.”

“राहू द्या साहेब,” असं म्हणून तिनं फोन ठेवला.

त्यांनी पुन्हा लावला, तिनं उचलला नाही. मग ते उठून स्वयंपाकघरात गेले. पुष्पांजली मेथी निवडत होती. त्यांनी गीताबाईच्या लेकीचं सगळं सांगितलं.

“तिचा फोन तुमाले काऊन आला?”

“तुह्या नावापुढं म्याच माहा नंबर टाकला.”

“काऊन?”

“सारे तुलेच इचारतात.” आपला आवाज इतका चिडका निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. “माह्याकडं चार माणसं. त्यातले दोघं झोपतात.”

तिनं मेथी बाजूला सारली. मग हात धुऊन लुगडं बदलायला गेली. आतून तिनं विचारलं, “येता का मंग?”

एसटीत ती खिडकीशी बसली. शांतवनरावांनी दोन तिकिटं काढली.

गीताबाईच्या घरी पुष्पांजली सरळ आत गेली. शांतवनराव ओसरीवरच्या बाजेवर बसले. शेजारी गीताबाईचा नवरा विडी न पेटवता बोटांत फिरवत होता. त्याला सांगायला एक वचन ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. कान आतच लागले होते. ती काय बोलते, नेमकं कोणतं वाक्य वापरते, ते त्यांना ऐकायचं होतं. आतून काहीच आवाज येत नव्हता. बऱ्याच वेळानं लेक मोठ्यानं रडू लागली. तरी पुष्पांजलीचा एक शब्दही ऐकू आला नाही. त्यांना पुन्हा तिचा हेवा वाटला.

गीताबाई डोळे पुसत बाहेर आली.

“साहेब, बाई चहा कसा घेतेत?”

“बिनसाखरेचा,” ते म्हणाले. “अन् आलं टाकू नका. जळजळते तिले.”

गीताबाईनं मान हलवली आणि आत जाताना दार हळूच लोटून घेतलं.