जित्या मालकावर काढलेला गळा

मेंढ्यानं आमच्या मालकाच्या पोटात अशी टक्कर हाणली का माणूस तिथंच बसला. रक्ताचा टिपूस नाय, पण पोट टम्म ताणलं अन् तोंड पांढरंफटक पडलं. दीर मुंजाबानं गाडी जुंपली अन् पडेगावाहून थेट शहरातल्या दवाखान्यात आणलं.

मुलूख निजामाचा असंल, पण दवाखान्याच्या दारात राज कमरोद्दीन कंपाउंडरचं. जो जास्त वरडंल तो आधी आत. पोलिसातल्या अमीनसाहेबाचा मेहुणा बसायच्या जागी गळू घेऊन आलता. असा बोंबलला का त्याला आल्या आल्या आत घेतलं. कमरोद्दीननं मालकाला इचारलं, "कैसा है बाबा?" आमच्यात कसं हाय इचारलं का बरं हाय म्हणायचं, मग मुंडकं हातात का असंना. मालक म्हणाले, "बरं हाय जी." झालं, बसवलं सगळ्यांच्या मागं. वर आमच्या ह्या शहाण्या मालकानं मागून आलेल्या, खोकणाऱ्या म्हाताऱ्या नूरमोहम्मदला सोताच्या पुढं बसवून घेतलं.

मी कंपाउंडरच्या पाया पडले. तो म्हणाला, "मरीज खुद बोल रहा अच्छा है, तुम कायकू गडबड करते?"

मालकाचे हात गार पडाया लागले, तसं माझं डोस्कं फिरलं. म्हटलं, मुडद्या, तुला आवाजच पाह्यजे ना, घे. वसरीत बसकण मारली अन् मयतावर काढतात तसा गळा काढला. "माझा राजा गेला गं बाई. कधी हात उगारला नाय गं. सोता उपाशी निजला, पण मला भाकर ठिवली गं."

समदी माणसं उठून बाजूला झाली. नूरमोहम्मद दुवा मागाया लागला. मेहुणा इजार सावरत बाहेर पळाला. त्याच्या मागं डाक्टर धावत आला.

"कौन गुजर गया?"

मालकानं डोळे उघडले. "मी जी. पण आधी ह्या म्हाताऱ्याला घ्या, मला आता काय घाई नाय."

डाक्टरनं पोटाला हात लावला अन् कमरोद्दीनला अशी शिवी हासडली, का ती मला बी येत नव्हती. लगोलग टेबलावर घेतलं. आत रक्त साचलं व्हतं म्हणे. अजून थोडा येळ गेला असता तर माणूस हाती लागला नसता.

शुद्धीवर आल्यावर मालकानं मला जवळ बोलावलं. "ते राजा-बिजा म्हणत व्हतीस, ते खरं का कंपाउंडरसाठी?"

"गप पडा," म्हटलं. तोंड फिरवलं अन् लई रडले. आवाज मातर निघंना.