एक चमचा मेयोनीज

मित्रांनो, मला उचलायला दोन हात लागतात. मी चिनी मातीचा एक जुना, जाडजूड वाडगा आहे. भट्टीतून बाहेर आलो तेव्हा माझ्याबरोबर अकरा भावंडे होती. दुकानात ती पटापट विकली गेली. माझे बूड जरा जास्तच जड होते, म्हणून लोक मला उचलून पाहत आणि परत ठेवून देत. एके दिवशी एका छापखान्याच्या कँटीनचा आचारी आला. सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याने मला टेबलावर ठेवून ढकलून पाहिले. मी जागचा हललो नाही. "हाच द्या," मास्तर म्हणाले.

माझ्या जडपणाचा उपयोग मला दुसऱ्याच दिवशी कळला. मेयोनीज करताना एका हाताने फेटायचे असते आणि दुसऱ्या हाताने तेलाची बारीक धार धरायची असते. मग वाडगा कोणी धरायचा? मास्तर माझ्याखाली ओले फडके अंथरत, माझ्यात अंड्यांचा पिवळा बलक, मोहरीची पूड आणि लिंबाचा रस घालत आणि फेटू लागत. तेल आधी थेंब थेंब, मग धार. घाई केली की सगळे फुटते, तेल एकीकडे आणि बलक एकीकडे. मास्तरांचे कधी फुटले नाही. शाईने काळे झालेले हात पुसत कामगार जेवायला येत आणि पाव पुढे करून आणखी मागत. मास्तरही हात आखडता घेत नसत. खाणाऱ्याने पुन्हा मागितले की त्यांचा चेहरा उजळे.

पुढे कँटीनमध्ये फेटायचे यंत्र आले आणि मास्तरांनी मला घरी आणले. घरी त्यांची बायको होती, ती बस चालवायची. आणि मुलगी होती. ती बापापेक्षा वीतभर उंच झाली, तरी मास्तर तिला चिमणीच म्हणत. दर सुट्टीच्या दिवशी मी टेबलाच्या मधोमध असे. माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे दिवस होते.

मग चिमणीने अग्निशमन दलात जायचे ठरवले. भरतीच्या परीक्षेत वाळूचे पोते खांद्यावर घेऊन सहा मजले चढायचे होते, तेही ठरलेल्या वेळात. ती व्यायामशाळेत जाऊ लागली. तिथे कोणीतरी तिला सांगितले की आधी मेयोनीज बंद कर. तिने मेयोनीज बंद केले, तेल बंद केले, पाव बंद केला, अंड्यातला बलकसुद्धा बंद केला. एका दुपारी मास्तरांनी हौसेने मला तिच्यासमोर आणून ठेवले. तिने मला हाताने दूर सारले.

"पप्पा, हे नुसतं तेल आहे. तुम्ही इतकी वर्षं लोकांना हेच खायला घातलंत?"

मास्तरांनी मला धुतले, कोरडे पुसले आणि कपाटावर ठेवून दिले. तिथे माझ्यात दोन गेलेले दिवे, सुतळीचा गुंडा आणि कुठल्या कुलपांच्या ते कोणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्या येऊन पडल्या. धूळ बसत गेली. मात्र वरून मला सगळे दिसत असे. चिमणी उकडलेली कोरडी कोंबडी चावत बसायची आणि निम्मी ताटातच ठेवून उठायची. मास्तर कँटीनमधून डबीत मेयोनीज आणायचे आणि ओट्याशी उभे राहून, पाठ फिरवून, पावाबरोबर सगळे संपवायचे. तो रुसवा होता, भूक नव्हती. जिना चढताना त्यांना धाप लागू लागली होती, पण बोलणार कोण? बाप-लेकीचा अबोला होता.

परीक्षेला पाच आठवडे उरले असताना सरावात चौथ्या मजल्यावर चिमणीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती पोत्यासकट कोसळली. डाव्या मनगटाचे हाड मोडले आणि त्या वर्षीची भरती हुकली. ती घरी आली ती भिंतीकडे तोंड करून झोपली. कामावरून आलेल्या आईने गणवेशही बदलला नाही. "उद्या माझी रजा आहे," ती म्हणाली. "तुम्ही दोघंही माझ्याबरोबर आहारतज्ज्ञ बाईंकडे चला. एक खात नाही आणि एक थांबत नाही."

तिथे काय झाले ते मला परतल्यावर त्यांच्या बोलण्यातून कळले. बाईंनी चिमणीला सांगितले होते की एवढी मेहनत करणाऱ्या शरीराला स्निग्ध पदार्थही लागतात. मेयोनीज विष नाही आणि औषधही नाही. एका मोठ्या चमच्यात नव्वद ते शंभर कॅलरी असतात. दिवसाच्या हिशेबात तो चमचा बसवला तर खुशाल खावा. कोरडी कोंबडी त्याच्यामुळे पोटात जाणार असेल तर उत्तमच. मास्तरांना मात्र त्यांनी वजनकाट्यावर उभे केले, रक्त तपासायला सांगितले आणि विचारले, रोज किती चमचे खाता?

"मी कधी मोजलंच नाही गं," ते चिमणीला म्हणाले. "लोक मागत गेले, मी वाढत गेलो. तू म्हणालीस त्यात थोडं खरं होतं."

चिमणीने प्लास्टरमधला डावा हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "मला फेटायला शिकवा. उजवा हात चांगला आहे."

त्यांनी मला खाली काढले. किल्ल्या खळखळत बाहेर पडल्या. मला गरम पाण्याने धुतले, तेव्हा कितीतरी दिवसांनी अंगाला ऊब लागली. ती फेटू लागली, मास्तर धार धरू लागले. मास्तर तिच्याकडेच बघत राहिले, धार मोठी झाली आणि सगळे फुटले. आयुष्यात पहिल्यांदा. चिमणीचे तोंड उतरले. मास्तरांनी फुटलेले सारे बाजूला काढले, नवा बलक माझ्यात घातला आणि म्हणाले, "आता हेच यात चमचा चमचा घाल. फुटलेलं सांधता येतं. सावकाश." हळूहळू ते दाट होत गेले. तिने निम्मे घट्ट दही मिसळले आणि दोघांनी एकेक चमचा घेतला. मास्तरांनी चमचा चाटूनपुसून लख्ख केला, पण दुसरा मागितला नाही.

आठ महिन्यांनी पुन्हा भरती झाली. चिमणी पोते घेऊन सहाव्या मजल्यावर पोचली, तेव्हा वेळ संपायला अकरा सेकंद बाकी होते. मास्तर खालीच उभे होते. तिला भेटायला तेही सहा मजले चढून गेले, मध्ये दोनदाच थांबले.

आता मी अग्निशमन केंद्राच्या स्वयंपाकघरात असतो. चिमणीच मला इथे घेऊन आली. भोंगा वाजला की ताटे तशीच टाकून सगळे धावतात. तरी जाता जाता कोणीतरी मला झाकतो आणि फ्रिजमध्ये ठेवतो, कारण कच्च्या अंड्याचे मेयोनीज बाहेर राहिले तर खराब होते आणि खाणारा आजारी पडतो. मित्रांनो, एवढेच मागणे आहे. कोणी काही सांगितले म्हणून ताटातल्या पदार्थाला शत्रू ठरवू नका. जाणत्याला विचारा, माप ठेवा. आणि आपल्या माणसाने हाताने केलेले काही उरले, तर ते नीट झाकून ठेवा. बाहेर गेलेली माणसे दमून, भुकेली परत येतात.

आत्ताही चिमणी धरून चौघे बाहेर गेले आहेत. मी फ्रिजमध्ये वाट पाहतो आहे. अंगणात गाडी वळल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन, चार. चौघांचेही बूट वाजले.