कौसर पास झाली

साखरखेर्ड्याला बाजाराच्या मागच्या गल्लीत कय्यूमभाईंचं गादी-रजईचं दुकान आहे. पुढं दुकान, मध्ये कापूस पिंजायचं मशीन, मागं घर. मशीन सकाळी नवाला सुरू होतं आणि संध्याकाळी मगरीबच्या अजानच्या जरा आधी थांबतं. ते चालू असताना त्या घरात तोंड उघडलं तर त्यात फक्त कापूस जातो. म्हणून तिथं माणसं हातांनी बोलतात. मूठ ओठांशी नेली की चहा. पोटावर थाप मारली की जेवण. हनुवटी वर उडवली की मागं पाहा, गिऱ्हाईक आलं. चाळीस वर्षांत खुणा इतक्या वाढल्या की सासू-सुनेचं भांडणही मशीन न थांबवता पार पडतं, आणि त्यामुळे ते गल्लीला ऐकू जात नाही, ही गल्लीची जुनी तक्रार आहे.

कय्यूमभाईंना त्या मशीननं जवळजवळ बहिरं करून टाकलेलं आहे. घरात तसं कोणी म्हणत नाही. ते लक्ष देत नाहीत, असं म्हणतात.

अशा घरात त्यांची नात कौसर जन्मली, आणि घराला ती फार शोभली. दुपारी मशीनपासून चार हातांवर, कापसाच्या ढिगात ती गाढ झोपायची. बाया आपापली किरकिरी पोरं आणून तिला दाखवायच्या, की पाहा, याला म्हणतात गुणी लेकरू. दीड वर्षाची असताना खुणेसरशी ती कात्री आणून द्यायची. दोन वर्षांची झाली तेव्हा आजीची, म्हणजे बानोबींची, हनुवटी उडाली की गर्रकन मागं वळून गिऱ्हाइकासाठी स्टूल सरकवायची. बोलत नव्हती, पण दिवसभर त्या घरात बोलत कोण होतं? आणि संध्याकाळी मशीन थांबल्यावर सगळेच इतके थकलेले असत की न बोलणारं माणूस घरात असलेलं बरंच वाटायचं.

कौसर पावणेतीन वर्षांची असताना तिची आई राबिया तिला घेऊन आठ दिवस माहेरी, जानेफळला गेली. माहेर शेतकऱ्याचं. घर गावाच्या कडेला, दारात दोन शेळ्या, चार कोंबड्या, आणि शांतता. दुसऱ्याच दिवशी कौसर रस्त्याच्या मधोमध बसून मातीत रेघा ओढत होती. मागून एसटी आली. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला, दाबून धरला, शेवटी खाली उतरला आणि पोरीला उचलून ओट्यावर ठेवून म्हणाला, "बाई, पोरगी लय हट्टी हाय तुमची."

राबियालाही आधी तसंच वाटलं. हट्टी असणं त्या मानानं स्वस्त होतं. मग तिनं मागून हाक मारली. मग ताट वाजवलं. मग आपल्या आईला मागं उभं करून दोघींनी मिळून हाका मारल्या. शेवटी ती पोरीच्या अगदी पाठीशी टेकून बसली आणि हळू, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "कौसर, मी चालली तुले इथंच टाकून. आता येनार नाही."

कौसर कोंबडीला कणकेची गोळी चारत होती. तिनं दुसरी गोळी वळायला घेतली.

तिथल्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंना राबियानं सगळं सांगितलं. नर्सबाईंनी उगाच धीर दिला नाही, हे त्यांचं मोठेपण. त्या म्हणाल्या, कान लवकर तपासा. मूल ऐकेल तसं बोलेल, आणि बोलायला शिकायची वर्षं थोडी असतात, गेली की मागून हाका मारून येत नाहीत. तुमच्या अंगणवाडीतून चिठ्ठी घ्या आणि बुलढाण्याला कानाच्या तपासणी केंद्रात न्या.

राबिया परत आली ती चिठ्ठीचा ध्यास घेऊनच. नवरा नौशाद वाईट माणूस नव्हता. आईला घाबरणारा होता, आणि ते त्यानं कधी लपवलं नाही. तो म्हणाला, सरकारी माणसानं कागदावर लिहून दिलं तर अम्मीला सांगता येईल. तुझ्या माझ्या म्हणण्यावर मी काय सांगू? म्हणजे सगळं त्या चिठ्ठीवर येऊन ठेपलं.

बानोबींचा हिशेब वेगळा होता. त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न खामगावच्या एका घरात ठरत आलं होतं. तेलाच्या घाण्यावर नावाजलेलं घर. नवरदेवाची फुफी, म्हणजे आत्या, फार चौकस. सोयरीक जोडताना ती मुलीच्या घरातले दात, डोळे, केस, कोण किती शिकलं आणि कोण कशानं मेलं, सगळं विचारून गेली होती. आता अंगणवाडीच्या सरकारी मोबाईलात या घरातली पोरगी मुकी म्हणून चढली, तर फुफी विचारणारच, की हे रक्तात आहे का.

"नौशाद चार वर्साचा होयलोक बोलला नव्हता," बानोबी म्हणाल्या. "मंग बोलला. आता त्याचं ऐकून ऐकून कान दुखतात. पोरगी चांगली हाय. समद्या खुणा समजते. बहिरी असती त समजलं असतं का तिले?"

या युक्तिवादात एक भोक होतं, पण ते दाखवायला राबियाला मशीन बंद होईपर्यंत थांबावं लागलं, आणि तोवर बानोबी नमाजाला बसल्या.

ती अंगणवाडीत गेली. छायाबाई अठरा वर्षं अंगणवाडी चालवतात आणि गल्लीतल्या प्रत्येक पोराला त्यांनी कधी ना कधी कडेवर घेतलेलं आहे. पूर्वी त्या वहीत लिहायच्या. आता मोबाईल आहे. प्रत्येक मुलापुढं प्रश्न येतात. हाक मारल्यावर वळतं का, नाक-कान दाखवतं का, दोन शब्द जोडून बोलतं का. हो-हो केलं की मूल हिरवं होतं. थोडं नाही म्हटलं की पिवळं. जास्त नाही म्हटलं की लाल. लाल मूल निघालं की पर्यवेक्षिका येते, बैठकीत नाव वाचलं जातं, बाईंना पोराच्या घरी दहा चकरा माराव्या लागतात आणि प्रत्येक चकरेचा फोटो टाकावा लागतो. छायाबाईंची अडतीसच्या अडतीस मुलं हिरवी होती. तालुक्यात कौतुक झालं होतं. त्यात कौसरही होती. दर महिन्याला ती दोन शब्द जोडून बोलत होती.

राबियानं ते पाहिलं आणि विचारलं, की हे कोणी लिहिलं.

"मीच," छायाबाई प्रेमानं म्हणाल्या. "भाभी, एवढी गोड पोरगी हाय. तिले मी माह्या हातानं लाल करू?"

मागचं बदलता येत नव्हतं. मोबाईल म्हणत होता, आलेलं बोलणं परत जात नसतं. पण पंधरा दिवसांनी तपासणीचं पथक येणार होतं. डॉक्टर मॅडम प्रत्येक मूल स्वतः पाहणार, आणि गरज वाटली तर चिठ्ठी त्या देणार. राबिया खुशीत घरी आली आणि तिनं एक चूक केली. घरी तारीख सांगितली.

त्या पंधरा दिवसांत बानोबींनी नातीसाठी जितकं केलं, तितकं जन्मभरात कोणासाठी केलं नसेल. रोज दुपारी त्या तिला समोर घेऊन बसायच्या. बानोबींनी नाकातली चमकी सारखी केली की कौसरनं नाकाला बोट लावायचं. बाळी चाचपली की कानाला. ओठ मिटून उघडले की 'बा' म्हणायचं, दोनदा उघडले की 'बाबा'. जमलं की बिस्कीट. नाही जमलं की दंडाला चिमटा, फार मोठा नाही, आठवण राहील एवढाच. हनुवटीची खूण तर पोरीला आधीच येत होती; ती फक्त गल्लीतल्या बायांना शिकवावी लागली. बायांना सगळं माहीत होतं. त्यांना लग्न मोडायला नको होतं, आणि हा खेळही त्यांना फार आवडला. कोणीही यायचं, हनुवटी उडवायचं, पोरगी वळायची, बाया हसून तिचा मुका घ्यायच्या. कौसरच्या आयुष्यात इतकी माणसं तिच्याशी पहिल्यांदाच खेळत होती. ती त्या दिवसांत अंगानं भरली.

राबियानं नौशादला सांगितलं. नौशाद म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला नातवंडांची हौस असते.

पथक आलं. मॅडमना अडतीस मुलं पाहायची होती आणि दोनच्या आत पुढच्या गावी जायचं होतं. अंगणवाडीच्या खोलीत पोरांपेक्षा बाया जास्त होत्या. कौसरची पाळी आली तशी राबिया पुढं झाली आणि सरळ म्हणाली, मॅडम, हिला ऐकू येत नाही, चिठ्ठी द्या.

मॅडमनी आधी मोबाईल पाहिला. तिथं दहा महिन्यांपासून हिरवं होतं. तरी त्या कर्तव्याला जागल्या. त्यांनी पोरीला नाक विचारलं. बानोबींनी चमकी सारखी केली. कान विचारला. बाळी हलली. मग मॅडम पोरीच्या मागं गेल्या आणि त्यांनी जोरात टाळी वाजवली.

समोर भिंतीला लागून बसलेल्या अकरा बायांच्या हनुवट्या एकदम वर उडाल्या.

कौसर गर्रकन वळली आणि, घरची सवय, मॅडमसाठी स्टूल सरकवलं.

"अरे वा," मॅडम म्हणाल्या. त्या खरंच खूश झाल्या.

"त्या खुना करून राह्यल्या, मॅडम," राबिया म्हणाली. "माही सासू. आन् ह्या समद्याच."

मॅडमनी मान वर करून पाहिलं. बानोबींच्या हातात तसबीहची माळ होती आणि डोळे मिटलेले होते. बाकीच्या दहाजणी एका सुनेनं सासूवर भर लोकांत केलेला आरोप ऐकून जितकं दुःखी व्हायला हवं, तितक्या दुःखी झाल्या होत्या. मॅडमनी विचारलं, की पोरगी बोलते का. छायाबाई म्हणाल्या, घरी खूप बोलते, इथं लाजते. बानोबींचे ओठ दोनदा उघडले. कौसर म्हणाली, "बाबा."

मग मॅडमनी राबियालाच जवळ बसवून समजावलं. घरातल्या माणसांवर संशय बरा नव्हे. मुलाच्या मागं सारखं लागू नये. मोबाईल कमी पाहावा आणि लेकराशी भरपूर बोलावं. आई बोलली की मूल बोलतं. कार्डावर त्यांनी लिहिलं, 'वाढ वयानुसार. आईस समुपदेशन केले.' बायांनी टाळ्या वाजवल्या. कौसरनं त्या पाहिल्या आणि तीही वाजवू लागली. त्या दिवशी तिला अख्खा बिस्किटांचा पुडा मिळाला.

त्यानंतर चिठ्ठीचं नाव काढायची सोय उरली नाही. राबिया बोलली की नौशाद कार्ड पुढं करायचा. राबियानं एकटीनं बुलढाण्याला जायचं म्हटलं, तर बानोबी म्हणाल्या, लग्न होऊ दे. लग्नाची तारीख दोनदा पुढं गेली. एकदा नवरदेवाचा मामा वारला म्हणून आणि एकदा मांडववाला मिळाला नाही म्हणून. खामगावची फुफी येऊन गेली. कौसर तिच्या पायाशी दोन तास बसली. फुफी म्हणाली, अशी आवाज न करणारी लेकरं हल्ली कुठं पाहायला मिळतात, यांच्या घरचं वळणच वेगळं.

लग्न झालं. पाठवणीनंतर तिसऱ्या दिवशी बानोबींनी स्वतःहून मशीन थांबवायला लावलं आणि सुनेला म्हणाल्या, "आता ने तिले कुठं न्याची ते. माहीबी नातच हाय."

तोवर कौसरला चार वर्षं आणि दोन महिने झाले होते.

बुलढाण्याच्या त्या केंद्रात तपासणाऱ्या बाई वयानं लहान होत्या आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी कौसरला खुर्चीत बसवलं, राबियाला समोर बसवलं, आणि सांगितलं की तुम्ही हलू नका, चेहऱ्यावर काही दाखवू नका. राबियानं दोन्ही हात मांडीखाली घेतले. मागं खुळखुळा वाजला. मग डफ वाजला. कौसर आईकडे पाहत होती. परीक्षा आहे हे तिला कळलं होतं. अशी खोली, अशी बाई, असं सगळ्यांचं पाहणं तिला ओळखीचं होतं. ती खुणेची वाट पाहत राहिली. खूण येईना. तेव्हा तिनं आपल्या मनानं सगळंच करून टाकलं. नाक दाखवलं, कान दाखवला, मागं वळली, पुढं वळली, 'बाबा' म्हणाली, परत नाक. आईचा चेहरा दगडासारखा. मग पोरीनं बाही वर सरकवली आणि दंड पुढं केला.

"हे काय करतेय ती?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," राबिया म्हणाली. "वाजवा तुमी."

नंतर कान तपासायचं मशीन लावलं. मशीनपुढं कोणाच्या हनुवटीचं काही चालत नाही. दोन्ही कानांना जवळजवळ काहीच पोहोचत नव्हतं, जन्मापासूनच. बाईंनी कानाच्या यंत्रासाठी अर्ज भरायला घेतला. पहिल्यांदा कधी लक्षात आलं, त्यांनी विचारलं. राबियानं महिना सांगितला. बाईंनी बोटांची पेरं मोजली. नर्सबाई म्हणाल्या होत्या त्या वर्षांतलं एक वर्ष आणि पाच महिने त्या बोटांवर मोजून झाले होते.

पुढचा रकाना उशिराच्या कारणाचा होता. चार कारणं छापलेली होती. पालकांचे अज्ञान, अंतर, आईचे दुर्लक्ष, इतर. इतर लिहिलं तर खुलासा जोडावा लागायचा, खुलाशावर दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि सगळं मोठ्या साहेबांकडे. साहेब सोमवारी यायचे. बाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. आईस समुपदेशन केले, हे त्यांनी वाचलं. त्या चाचरत म्हणाल्या, की खरं काय झालं ते तुम्ही सांगा, आपण खुलासा करू.

राबियानं सोमवारपर्यंतचे दिवस मोजले. साक्षीला कोण येईल तेही मोजलं. ते मोजायला वेळ लागला नाही.

"आईचं दुर्लक्ष लिवा," ती म्हणाली. "पन आजच लिवा."

बाईंनी लिहिलं. शिक्का बसला. कागदाच्या चार झेरॉक्स काढून ठेवा, असं त्यांनी सांगितलं. राबियानं सहा काढल्या. एक नौशादला दिली. त्यानं ती दोनदा वाचली, अम्मीला दाखवली, आणि अम्मी म्हणाल्या की सरकारी माणूस खोटं कशाला लिहील. एक नियमाप्रमाणे अंगणवाडीत द्यायची होती.

छायाबाईंनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी कौसरला ओढून मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "भाभी, एवढं होतं त मले आधी सांगाचं ना."